मागच्या ॲक्सलवरची बोटं

ही केस मी विसरून गेलो आहे, असं मी घरी सांगतो. ते खोटं आहे हे बायकोला माहीत आहे आणि मुलीलाही. जेवायला पाहुणे जमले आणि कोणी म्हणालं, "काका, एखादी पोलिसातली गोष्ट सांगा ना," की मी दुकानातून पळवलेल्या बकरीची सांगतो, माझीच गाडी माझ्याच पोलीस स्टेशनच्या आवारातून टो झाली होती ती तर साग्रसंगीत सांगतो. ही सांगत नाही. एकदाच सांगितली होती, तीही अर्धी, आणि नेमकी ज्याला सांगू नये त्याला.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढे हसू आलं तर कोणाला हसताय ते कळेल. मी टेक्सासमध्ये, अर्विंगच्या शेजारच्या एका गावात पोलीस खात्यात पंचवीस वर्षं होतो. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे आलो. बरोबरची मराठी मुलं इंजिनिअर झाली. मी गणितात जे दिवे लावले ते बघून वडिलांनी इंजिनिअरिंगचा विषय आपणहून बंद केला. आई अजूनही नातेवाइकांना "त्याची सरकारी नोकरी होती" एवढंच सांगते. शेवटची बारा वर्षं मी वाहनचोरीच्या तपासावर होतो आणि बावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. माझा मामा साताऱ्याकडे फौजदार होता. फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमाल हे शब्द लहानपणी त्याच्या तोंडून ऐकले ते डोक्यात असे बसले, की इथे इंग्रजीत रिपोर्ट लिहितानाही मनातल्या मनात मी पंचनामाच करत असे. तेव्हा पुढचे शब्द मामाचे, चुका माझ्या. नावं कोणाचीच घेणार नाही.

फेब्रुवारीतली एक सकाळ होती. काउंटरवरची मुलगी आत येऊन म्हणाली, एक आजोबा आलेत, 'तुमच्यापैकी' कोणी ऑफिसर असेल तर तोच हवा म्हणतात. खात्यात 'आमच्यापैकी' मी एकटाच होतो.

काका पंचाहत्तरीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली.

"कुठले तुम्ही?"

"इथलाच."

"ते दिसतंय. मूळचे?"

"सातारा."

"बरं. मराठी नीट येतं, की नुसतं खाता येतं?"

"येतं की," मी म्हणालो. नीट येत नव्हतं, हे पुढे सिद्ध झालं.

त्यांची गाडी चोरीला गेली होती. साधीसुधी नव्हे, सत्तर सालच्या आसपासची मसल कार. म्हणजे दोन दारांच्या गाडीत ट्रकला शोभेल असं इंजिन बसवून त्या काळच्या तरुण पोरांना विकलेली गाडी. काकांनी विद्यार्थी असताना ती घेतली तेव्हा ती नुसती जुनी गाडी होती. पुढे ती 'क्लासिक' झाली. "मीसुद्धा त्याच वर्षांत जुना झालो," काका म्हणाले, "मला नाही कोणी क्लासिक म्हटलं." लग्न होऊन काकू विमानतळावरून घरी आल्या त्या याच गाडीतून, आणि मुलगा इस्पितळातून घरी आला तोही.

काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. वर्षश्राद्धासाठी काका तीन आठवडे पुण्याला गेले. घराची किल्ली मुलाकडे होती, तो जवळच राहायचा. त्याचाच पुण्याला फोन गेला: गॅरेजच्या बाजूच्या दाराचं कुलूप तुटलंय, गाडी नाही.

काकांनी फाईलमधून एक वही काढली. इंजिनचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर आणि मागच्या ॲक्सलवर ठोकलेली अक्षरं, सगळं सुवाच्य अक्षरात. असा फिर्यादी मिळाला की तपास अधिकाऱ्याचं निम्मं काम होतं. मी खुशीत विचारलं, "काही खास खूण? इतर कशात नसेल अशी?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"मागच्या ॲक्सलला तिची बोटं आहेत."

"कोणाची?"

"तुमच्या काकूंची. शेवटची. जाऊ नयेत म्हणून मी वरून वॉर्निश मारून ठेवलंय."

मी फॉर्मवर लिहिलं: मागील ॲक्सलवर मालकाच्या दिवंगत पत्नीच्या बोटांचे ठसे, वॉर्निशखाली जतन केलेले. आणि मनात म्हणालो, वा, काय पुरावा आहे! पोलिसाच्या कानाला बोटं म्हटलं की ठसेच ऐकू येतात. काकांनी मला आणखी काही सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. समोर सातारचा माणूस बसला होता.

आमच्या ठसेतज्ज्ञाने तो कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लोक आठवण म्हणून केसांची बट ठेवतात," तो म्हणाला, "ही कुठली पद्धत?" त्यानंतर दोन महिने तो मला ॲक्सल म्हणूनच हाक मारायचा.

त्याच दुपारी मी घटनास्थळाची पाहणी केली. काकांच्या मुलानेच दार उघडलं. वय तिशीच्या पुढचं, हायस्कुलात बँड शिकवायचा. आवाज मऊ.

"काका, प्लीज, शूज बाहेर. आईचा रूल आहे."

आणि मी, वर्षानुवर्षं वाहनचोरीच्या तपासात घालवलेला अधिकारी, बूट दाराबाहेर काढून घटनास्थळी मोज्यांवर फिरलो. त्याने चहा केला, आलं घातलेला. कुलूप खरंच तुटलं होतं. गाडीचा बॅटरी चार्जर मात्र भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता, वायर छान गोल गुंडाळून. मी डायरीत तशी नोंद केली. गाडी चोरणारा माणूस चार्जरची वायर गुंडाळत बसत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. पण पोरगा आपल्यातला, शाळेत मास्तर, चहात आलं. त्याच्याकडे संशयाने पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी मी बूटही काढले नसते आणि चहाही घेतला नसता.

तपास थंड पडला. काका दर सोमवारी फोन करायचे. "काय इन्स्पेक्टर?" मी त्यांना दोनदा सांगितलं की मी डिटेक्टिव्ह आहे, इन्स्पेक्टर नाही. ते म्हणाले, "गाडी सापडली की डिटेक्टिव्ह म्हणेन."

सप्टेंबरमध्ये खबर आली. एक म्हातारा मेकॅनिक जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून जायचा. त्याचा फोन आला की, गावाबाहेरच्या एका दुकानदाराने अशीच एक मसल कार नवी करून विकायला काढली आहे, 'सगळं मूळचं' म्हणून. पण तिचा मागचा ॲक्सल तिचा नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

"कारण बारसं झाल्यावर बाळ जन्मलंय," असंच काहीसं तो त्याच्या भाषेत म्हणाला.

मी दुकानात गेलो, तो म्हाताराही आला आणि त्याने मला गाडीखाली झोपवलं. माझं पोट आणि गाडीचा तळ यांत फारसं अंतर नव्हतं, ते असो. मागच्या दोन चाकांमधली जाड लोखंडी नळी आणि तिच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगलेला भाग, हा ॲक्सल. भोपळ्यावर ओतकामाची तारीख असते. नळीवर दोन अक्षरांचा कोड आणि तो जोडल्याचा दिवस ठोकलेला असतो. ॲक्सल आधी तयार होतो, गाडी नंतर. या गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवरून ती ज्या आठवड्यात तयार झाल्याचं दिसत होतं, त्यानंतर तीन आठवड्यांनी हा ॲक्सल जन्मला होता. मी काकांच्या वहीची झेरॉक्स काढून ताडून पाहिली. कोड तोच, दिवस तोच.

"मग सापडली की!" मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान हलवली. "इंजिनवर गाडीचा नंबर असतो. गिअरबॉक्सवर असतो. या ॲक्सलवर नसतो. त्या दिवशी असे किती निघाले असतील. हा कोणत्या जातीचा आणि कधी जन्मला ते तो सांगेल. कोणाच्या घरचा, ते नाही सांगणार."

तेवढ्यात माझ्या बॅटरीच्या उजेडात नळीवर एक पिवळा ठिपका दिसला, बोराएवढा, आणि त्याच्या अर्ध्या अंगावर चढलेला लाल ठिपका. वर वॉर्निशची चकाकी. वॉर्निश म्हटल्यावर माझे कान टवकारले. दुकानदार अभिमानाने खाली वाकला.

"ती फॅक्टरीतल्या तपासनिसाची खूण आहे. तपासलं, पास, म्हणून ब्रशने रंग लावायचे. पन्नास वर्षं टिकलीय. आधीच्या मालकाने वॉर्निश मारून जपली, देव त्याचं भलं करो. मी त्या जागेला हात लावू दिला नाही कोणाला."

मी भिंग काढून त्या ठिपक्यांवर ठसे शोधले. पंधरा मिनिटं. एक रेषा दिसेल तर शपथ. नुसता रंग. म्हाताऱ्यानेही मान डोलावली, हो, असे रंग लावायचे. मग मी निमूट बाहेर आलो.

तुम्ही म्हणाल, काकांना बोलावून सरळ दाखवायचा ना ॲक्सल. पण तसं करता येत नव्हतं. शोकात असलेल्या माणसासमोर वस्तू ठेवली की तो काहीही ओळखतो. म्हणून आधी फिर्यादीतलं वर्णन वस्तूशी जुळावं लागतं, मग ओळख घ्यायची. आणि वर्णनात मी स्वतःच्या हाताने ठसे लिहून बसलो होतो.

नवरात्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अशा दिवशी माझं काम खुर्च्या मांडणं आणि सरबताचा ट्रे फिरवणं. एका बाईंची इथेच जन्मलेली मुलगी पहिल्यांदाच हळदीकुंकू लावत होती आणि समोरच्या काकूंचं कपाळ तिने भिंत रंगवावी तसं रंगवलं. तिची आई ओरडली, "अगं, फासायचं नाही! बोट लाव. नुसतं बोट!"

मी ट्रे घेऊन तिथेच उभा राहिलो. सरबताचे तीन ग्लास कार्पेटवर गेले. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "बोटं." ती म्हणाली, "भाजली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टीलच्या ताटलीवर हळदीचं बोट लावलं, वर वॉर्निश मारलं, बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तपासाचा जांभळा, अल्ट्राव्हायोलेट दिवा त्यावर धरला. हळद हिरवट पिवळी पेटून उठली. शेजारी लावलेला पिवळा ऑइलपेंट मेल्यासारखा पडून राहिला. बाहेरून मुलीने विचारलं, "बाबा, आर यू ओके इन देअर?" मी आयुष्यात इतका ओके कधीच नव्हतो.

मग दिवा घेऊन दुकान गाठलं. गाडीखाली शिरून लावला. काकूंची हळद पेटली. दुकानदाराला म्हटलं, तुझा तो तपासनीस सदाशिव पेठेतला होता. त्याला अर्थातच विनोद कळला नाही. मी अंगणातूनच काकांना फोन लावला.

"काका, सापडली! काकूंची बोटं सापडली."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग, "कुंकू हळदीच्या अंगावर चढलंय का?"

"हो. अर्ध्यावर."

"तीच. शेवटी हात थरथरायचा तिचा. पेंटवर लावायची ती दर खंडेनवमीला. मी ओरडायचो, पेंट खराब होतो, लावायचंच तर खाली लाव. मग गाडी जॅकवर चढवून द्यायचो. त्या वर्षी तिला वाकता येत नव्हतं. चटई टाकली, आडवी झाली आणि हात घातला खाली. मी बॅटरी धरली होती." मग एकदम म्हणाले, "थँक यू, डिटेक्टिव्ह."

दुकानदाराचा जबाब मी स्टेशनवर घेतला. चोरीचा माल घेणाऱ्याला ओरडून उपयोग नसतो. त्याला त्याच्याच मालाचं कौतुक सांगू द्यावं, मधेच सगळं बाहेर येतं. गाडी त्याने एका ट्रकवाल्याकडून सुट्या भागांत घेतली होती. कागद नसले की अख्खी गाडी विकता येत नाही, भाग विकता येतात. इंजिन गेलं, सांगाडा गेला, ॲक्सल तेवढा यानं आपल्या गाडीला लावला. ट्रकवाला आता परराज्यात होता, पण गाडी उचलल्या दिवसाचा एक किस्सा त्याने याला ऐकवला होता. ज्याने गाडी दिली त्याने ट्रकवाल्याला घरातून गॅरेजमध्ये नेलं आणि नेण्याआधी दारात बूट काढायला लावले. "प्लीज" म्हणून. ट्रकवाला म्हणे भोकाच्या मोज्यांवर चोरी करायला आत गेला.

मी खुर्चीत मागे रेलून हसलो. बुटाचे ठसे राहू नयेत म्हणून काळजी घेणारा चोर! इतका पक्का गडी मी पाहिला नव्हता. बोटं म्हटल्यावर ज्या कानाने ठसे ऐकले, त्याच कानाने मी बूटही ऐकले.

ओळख पटवायला काकांना मी माझ्या गाडीतून घेऊन निघालो. त्यांनी नवा शर्ट घातला होता. खिशात कागदाची पुडी होती.

"आज खंडेनवमी आहे, माहितीय ना?" ते म्हणाले. "ओळखून झालं की दुकानदाराला विचारा, लावू देईल का. वॉर्निशवरून."

"मी बघतो त्याला."

रस्ता चाळीस मिनिटांचा. काका खुशीत होते. मला गोष्टी सांगायची खोड. चांगला किस्सा हाताशी असताना गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आणि तपासातली गोष्ट फिर्यादीला सांगायची नसते, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"काका, चोर काय नमुना होता ऐका. ट्रकवाल्याला दारात बूट काढायला लावले. प्लीज म्हणाला! तो बिचारा फाटक्या मोज्यांवर चोरी करायला आत. ठसे राहू नयेत म्हणून. बोला!"

मी स्वतःच हसलो. शेजारून हसू आलं नाही. मी पाहिलं तर काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. मी त्यांच्या बाजूची झडप खाली केली.

दुकानात पोचलो. ते चाकांच्या फळीवर आडवे झाले आणि मी त्यांना गाडीखाली ढकललं. त्यांचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. दहा मिनिटं झाली. मी विचारलं, "काका, दिवा हवा?" "नको." आणखी पाच मिनिटं झाली. मग ते बाहेर आले, उठून बसले, पँट झटकली.

"माझा नाही."

"काय?"

"हा ॲक्सल माझा नाही."

"काका, तुम्ही फोनवर..."

"फोनवर दिसतं का कधी? हा रंग आहे, इन्स्पेक्टर."

मी पुन्हा इन्स्पेक्टर झालो होतो. दुकानदाराने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. पुडी काकांच्या खिशातून बाहेर आलीच नाही. परतीच्या वाटेवर मी चिडून एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, काकांनी ऐन वेळी कच खाल्ली, माझी आठ महिन्यांची मेहनत मातीत घातली. असा मी शहाणा.

संध्याकाळी घरी आलो. दारात वाकून एक बूट काढला. दुसरा काढताना तसाच थांबलो, बूट हातात धरून. आतून बायको म्हणाली, "काय रे, आत येतोयस ना?"

बूट का काढतात? ठसे राहू नयेत म्हणून? बूट काढतात कारण आईचा नियम असतो.

सकाळी स्टेशनला पोचलो तर काका आधीच बाकावर बसलेले. तीच प्लास्टिकची फाईल.

"फिर्याद मागे घ्यायची आहे. गाडी मीच एकाला देऊन गेलो होतो पुण्याला जायच्या आधी. विसरलो."

मी दार लावलं. "काका, मला कळलंय."

"काय कळलंय तुम्हाला?"

"मुलाचं..."

"मुलाचं काही नाही. तो बँड शिकवतो. पोरांना शिकवणाऱ्याच्या नावावर अशी केस लागली तर त्याला पुन्हा शाळेच्या दारात उभं करतील का?" त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. "लिहा. म्हातारा विसरला. वय झालंय, बायको गेलीय, विसरतो. पटण्यासारखं आहे की नाही?"

"आहे."

"मग लिहा. आणि त्याला सांगायचं नाही मला कळलंय म्हणून. तुम्हाला गप्प बसणं जमत नाही, हे मी काल पाहिलं. एवढं एक जमवा."

मी लिहिलं. त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात सही केली.

मुलाकडे मी कामासाठी म्हणून गेलो नाही, केस उरलीच नव्हती. का गेलो ते मलाही सांगता येत नाही. बँडच्या खोलीत तो एकटा होता, तुताऱ्या पुसून खोक्यात ठेवत होता. मी खुर्चीवर बसलो. काहीच विचारलं नाही. पाच मिनिटांत त्याने सांगून टाकलं.

"काका, ही वॉज लिव्हिंग इन दॅट गॅरेज. आई गेल्यापासून. रोज संध्याकाळी गाडीखाली जाऊन पडायचा, बोलायचा. ॲक्सलशी बोलायचा, काका! मी जेवायला बोलावलं तर नो. आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर नो. डोळे गेलेत, दोन मेलबॉक्स पाडले त्याने, तरी ड्राइव्ह करायचं. आय थॉट, गाडी गेली की एक आठवडा रडेल, मग बाहेर येईल. माझ्याकडे येईल. माझी पण आई गेलीय ना यार." यार म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं, तो "सॉरी" म्हणाला. मग त्याने विचारलं, "बाबांना कळलंय?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी केस मागे घेतली. म्हणाले, गाडी मीच कोणाला तरी दिली होती, विसरलो."

त्याचे खांदे सैल झाले. आणि मग तो म्हणाला, "सी? हेच मी सांगतोय सगळ्यांना. ही इज स्लिपिंग. आता डॉक्टरला दाखवायलाच हवं. लायसन्स तर बंदच करतो."

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगली गोष्ट हाताशी असताना ते पुन्हा मिटलं.

"त्या ॲक्सलवर काही होतं का, आठवतंय?" एवढंच मी विचारलं.

"यलो पेंट होता थोडा. का?"

"काही नाही. पेंटच."

काकांचं लायसन्स त्याच महिन्यात गेलं. डॉक्टरसमोर मुलाने त्यांच्या सहीचा कागद ठेवला, माझ्या अक्षरातला. घर विकून ते मुलाकडे राहायला गेले. सोमवारी फोन यायचा बंद झाला. एकदा भाजीच्या दुकानात भेटले, कोथिंबीर निवडत होते. "काय इन्स्पेक्टर," म्हणाले, आणि मुलगा जवळ आला तेव्हा त्याला विचारलं, "हे कोण रे? पाहिल्यासारखे वाटतात." मुलाने माझ्याकडे बघून ओठ मुडपले, बघा, असं. काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

दुकानदाराची ती गाडी विकली गेली. विक्रीच्या पत्रकावर लिहिलं होतं: मागच्या ॲक्सलवर फॅक्टरी तपासनिसाची मूळ खूण, अबाधित. मी ते पत्रक वाचलं आणि परत ठेवलं. त्या दुकानदारावर काही करता आलं नाही. ज्या मालाला मालक नाही त्याचा चोर कुठून आणायचा?

इतक्या केसेसनी काय शिकवलं, असं मला निवृत्तीच्या कार्यक्रमात एका नव्या पोराने विचारलं होतं. मी म्हणालो, कमी बोला. सगळे हसले, कारण त्या दिवशी मी पाऊण तास बोललो होतो. एवढ्या वर्षांत मी शेकडो चोरांना बोलतं केलं. ज्या एका माणसाला काही कळायला नको होतं, त्याला मीच सांगितलं, तेही हसवण्यासाठी. मी तोंड बंद ठेवलं असतं तर त्या खंडेनवमीला त्यांनी ॲक्सल ओळखला असता आणि पुडी उघडली असती. पुढे तपास मुलापर्यंत पोचलाच असता, तेही खरं. तेव्हा काय झालं असतं, याचा हिशेब मी अजून लावू शकलेलो नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'ओळख पटली नाही.' एक गोष्ट मात्र लिहिली नाही. काका त्या गाडीखालून बाहेर आले आणि "माझा नाही" म्हणाले, तेव्हा त्यांच्या कपाळावर, बरोबर दोन भुवयांच्या मधे, ग्रीसचा काळा डाग होता, बोराएवढा. उताणं झोपलेल्या माणसाचं कपाळ आपोआप ॲक्सलला लागत नाही. त्यासाठी मान उचलावी लागते.

मी तो पाहिला. मग खिशातून कागदी रुमाल काढला आणि त्यांना पुसायला दिला.